ढेकूण चावला तर चावू दे, बॅगेत बसता कामा नये

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तारकर्लीला होतो. रात्री साडेअकराला धाकटी उठून बसली आणि दंडावर उठलेल्या तीन लाल गांधी दाखवत म्हणाली, "आई, ढेकूण!" पोरीने जन्मात ढेकूण पाहिलेला नाही, शब्द मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिकलेला. पण तेवढा एक शब्द पुरला. दिवे लागले. मी फोनवर शोधायला बसले आणि पाच मिनिटांत असे काही फोटो पाहिले की माझीच पाठ खाजायला लागली. नवरा म्हणाला, "गाडी काढू का?" इतक्या रात्री गाडी काढून जाणार कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी सासूबाई उठल्या. चष्मा लावला, "बॅटरी द्या इकडे" म्हणाल्या आणि चादर ओढून गादीच्या डोक्याकडची शिवण अंगठ्याने उलटी करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग पलंगाची फळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उजेड टाकला. मग उशीचा अभ्रा उलटा केला. "ढेकूण असता तर इथे काळं पडलं असतं. हे डास आहेत. खिडकी लावा नि झोपा."

सासूबाईंची पहिली वीस वर्षं संसाराची लालबागच्या चाळीत गेली. दर रविवारी खाट गॅलरीत काढायची, आपटायची, सांध्यांत आधणाचं पाणी ओतायचं, वरून रॉकेलचा बोळा फिरवायचा, हा तिथला नेम. त्या पिढीला ढेकूण म्हणजे भाडं न देणारा आणखी एक भाडेकरू. आमच्या पिढीकडे त्या विद्येतलं काही आलं नाही, भीती तेवढी आली. हॉटेल बुक करताना आपण दोनशे अभिप्राय वाचतो, त्यात कुणीतरी 'इथे ढेकूण आहेत' असं लिहिलेलं सापडलं की पुढची सगळी सहल त्या एका ओळीवर टांगलेली राहते.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर बरंच वाचलं, आणि मला वाटतं की आपली काळजी चुकीच्या जागी आहे. ढेकूण चावला तर चार दिवसांची खाज. तो बॅगेत बसून घरी आला तर मात्र चार महिन्यांचा ताप, वर खर्च वेगळा. आपण चाव्याच्या धास्तीने रात्रभर जागतो आणि बॅग सताड उघडी पलंगावर टाकून ठेवतो.

हा प्राणी जगतो कसा

माणसाचं रक्त पिणारे ढेकूण मुख्यतः दोन जातींचे. थंड-समशीतोष्ण मुलखातला 'सायमेक्स लेक्ट्युलॅरियस' आणि आपल्यासारख्या उष्ण मुलखातला 'सायमेक्स हेमिप्टेरस'. नुसत्या डोळ्यांना दोघे सारखेच. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, म्हणजे अख्ख्या मसुराच्या दाण्याएवढा, रंगही तसाच तपकिरी, फक्त दाबून चपटा केलेला. रक्त प्यायला की फुगून लांबट आणि गडद लाल होतो. पिल्लू तिळाहून लहान आणि जवळजवळ पारदर्शक, पोट भरलं की मध्ये लाल ठिपका. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढरं, आणि फटीत डिंकाने चिकटवल्यासारखं. झटकून पडत नाही.

त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. चालतो मिनिटाला साधारण एक मीटर. आपण झोपलो की आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर तो फटीतून बाहेर येतो, बहुधा उत्तररात्री. पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि ती जागा बधिर ठेवणारी द्रव्यं असतात, म्हणून चावताना कळत नाही. मग चार-पाच दिवस तो दिसतही नाही, पचवत बसतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. ढेकूण उवेसारखा माणसाच्या अंगावर राहत नाही. त्याला राहायला फट लागते: लाकडाची, कापडाची, कागदाची, प्लायवुडची. माणूस हे त्याचं ताट आहे, घर नाही. तेव्हा तो तुमच्या केसांतून घरी येणार नाही. येणार तो बॅगेच्या चेनच्या पट्टीतून, चाकाजवळच्या खोबणीतून, जीन्सच्या घडीतून.

अंड्यातून पिल्लू निघायला आठवडा-दीड आठवडा. मग पाच वेळा कात टाकायची, आणि दर कातीआधी एकदा तरी पोटभर रक्त हवंच. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून पूर्ण ढेकूण व्हायला पाच-सहा आठवडे पुरतात. एक मादी आयुष्यात दोनशेहून जास्त अंडी घालू शकते. बरं, उपाशी राहण्यातही हे पटाईत. उबदार हवेत काही महिने, थंडीत त्याहूनही अधिक. म्हणून 'आमची खोली महिनाभर बंदच होती, ढेकूण येणार कुठून?' हे हॉटेलवाल्याचं उत्तर ऐकून निर्धास्त व्हायचं कारण नाही.

आता स्वच्छतेबद्दल. ढेकूण खरकटं खात नाही, रक्त पितो, आणि ते पंचतारांकित हॉटेलातल्या पाहुण्यातही तेवढंच असतं. तो येतो आधीच्या पाहुण्याच्या सामानातून. म्हणजे जिथे पाहुण्यांची ये-जा जास्त तिथे तो येण्याची संधी जास्त, मग लॉबीत झुंबर असो की नसो. फरक पडतो तो पुढे. जिथे चादरी बदलणारी माणसं शिवणी बघायला शिकलेली असतात तिथे तो पहिल्या आठवड्यात सापडतो, नाहीतर तिसऱ्या महिन्यात. तरीही आपल्याकडे घरात ढेकूण झाले हे सांगायची लाज वाटते. त्या लाजेपायी लोक तीन महिने गप्प बसतात आणि तोवर त्यांची तिसरी पिढी अंडी घालू लागलेली असते.

जाता जाता, वासाबद्दल. ढेकूण पुष्कळ झाले की खोलीत एक उग्र, किंचित गोडसर वास येतो. सासूबाई त्याला 'सडक्या कोथिंबिरीचा वास' म्हणतात. मला ते त्यांचं काहीतरीच वाटलं होतं. पण ढेकणाच्या अंगातल्या ग्रंथींमधून जी अल्डिहाइड प्रकारची रसायनं बाहेर पडतात, त्यांतली काही कोथिंबिरीतही असतात. हॉटेलच्या खोलीत मात्र या वासाच्या भरवशावर राहू नका. वास येण्याइतके झाले असतील तर ते डोळ्यांना आधीच दिसतील.

गेला होता, परत आला

सासूबाईंच्या आठवणीत मधे अशी काही वर्षं होती की ढेकूण खरंच कमी झाले होते. जगभर तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी डासांसाठी डीडीटी फवारलं गेलं, त्यात ढेकूणही मेले. पण सगळे नाही. हवाई बेटांवर १९४७ च्या सुमारासच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पुढे पायरेथ्रॉइड गटातली औषधं आली. डासांच्या वड्यांत आणि घरगुती फवाऱ्यांत आज बहुतेक तीच असतात. ढेकणांनी त्यांनाही तोंड द्यायला शिकून घेतलं: काहींच्या मज्जातंतूंत असा बदल झाला की औषध तिथे बसतच नाही, काहींचं बाहेरचं कवच जाड झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त विमानप्रवास वाढला आणि युरोप-अमेरिकेत जवळजवळ विसरला गेलेला हा प्राणी पुन्हा हॉटेलांत दिसू लागला.

पॅरिसचा गोंधळ बऱ्याच जणांना आठवत असेल. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेट्रोतले, रेल्वेच्या सीटवरचे, थिएटरमधले ढेकणांचे व्हिडिओ जगभर फिरले. पुढच्या वर्षी तिथे ऑलिंपिक होतं, त्यामुळे सरकारपर्यंत धावपळ झाली. आमच्या ओळखीतलं एक जोडपं तेव्हा युरोपच्या टूरवर होतं. त्यांनी दहा दिवस पॅरिसमध्ये बसच्या सीटलाही पाठ टेकली नाही. ढेकूण तिथे खरंच होते: फ्रान्सच्या आरोग्य-सुरक्षा संस्थेने, आन्सेसने, त्याच वर्षी जुलैमध्ये सांगितलं होतं की २०१७ ते २०२२ या काळात ११ टक्के फ्रेंच घरांना कधी ना कधी ढेकणांचा उपद्रव झाला. पण वर्षानुवर्षं चालू असलेल्या त्रासाची त्या दोन महिन्यांत अचानक साथ झाली ती मोबाइलच्या पडद्यावर. २०२४ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या एका मंत्र्याने तर ही घबराट रशियाशी संबंधित सोशल मीडियावरच्या खात्यांनी मुद्दाम फुगवल्याचा आरोप केला. ढेकूण आंतरराष्ट्रीय राजकारणात शिरण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

लाल गांधी पाहून काय कळतं? फारसं काही नाही

हे ऐकून मलाही धक्का बसला होता. चावा पाहून तो ढेकणाचा की डासाचा की पिसवेचा, हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. 'तीन गांधी एका रेषेत असल्या तर ढेकूणच' हे आपण ऐकलेलं असतं. ढेकूण ओळीत चावतो हे पुष्कळदा खरं आहे, पण ओळीत नसलेले चावेही त्याचे असतात आणि ओळीतले चावे दुसऱ्याचेही.

त्याहून घोटाळ्याची गोष्ट वेळेची. डास चावला की दहा-पंधरा मिनिटांत गांध उठते. ढेकणाचा चावा उमटायला काही तास लागू शकतात, काही दिवस लागू शकतात, आणि ज्याला पूर्वी कधी चावलेला नाही अशा माणसात कधीकधी दोन आठवडेही. काही लोकांच्या अंगावर तर काहीच उमटत नाही. एकाच पलंगावर झोपलेल्या नवऱ्याच्या अंगभर गांधी आणि बायको स्वच्छ, असं होतं, आणि मग बायको म्हणते तुम्हाला ॲलर्जी आहे. याचा अर्थ असा की मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी गांधी दिसल्या तर तो ढेकूण कदाचित या हॉटेलातला नसेलच. आदल्या रात्रीची स्लीपर बस असेल, रेल्वेचा बर्थ असेल, मागच्या शनिवारचं थिएटर असेल. रिसेप्शनवर जाऊन भांडण्याआधी गादी बघा. पुरावा गादीवर असतो, अंगावर नाही.

रोगाचं काय? आई म्हणून माझा पहिला प्रश्न हाच होता. डास जसा मलेरिया-डेंगी देतो तसा ढेकूण माणसाला एखादा रोग देतो असा पुरावा नाही. एचआयव्ही किंवा कावीळ ढेकणातून पसरत नाही. खरा त्रास खाजेचा आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळण्याचा. मुलांची नखं कापा, गांधींवर कॅलामाइन लावा. फार सूज आली, फोड आले किंवा दम लागला तर डॉक्टरकडे जा. झोप उडते, हा मात्र त्रास खरा आहे आणि कधीकधी तो ढेकूण गेल्यावरही राहतो.

खोलीत शिरल्यावरची दहा मिनिटं

आता सासूबाईंची पद्धत, तिला मी वाचलेल्याची थोडी जोड देऊन.

खोलीचं दार उघडलं की मुलं पलंगावर उड्या मारतात आणि बॅगा त्यांच्यामागोमाग पलंगावर पडतात. बॅगा तिथे पडू द्यायच्या नाहीत. सगळं सामान आधी बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा दाराजवळच्या उघड्या फरशीवर. परदेशी सल्ल्यात एक कारण असं देतात की ढेकणाला गुळगुळीत पृष्ठभागावर चढता येत नाही, म्हणून बाथटब सुरक्षित. ते त्यांच्याकडच्या जातीबद्दल बरंचसं खरं आहे. आपल्याकडची उष्ण प्रदेशातली जात मात्र गुळगुळीत भिंतीवर चढण्यात त्यांच्यापेक्षा पटाईत असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तरीही बाथरूमच बरं, कारण तिथे लपायला लाकूड-कापड नाही आणि झोपलेला माणूसही नाही.

मग दिवे कमी करून मोबाइलची बॅटरी लावा आणि पलंगाच्या डोक्याकडून सुरुवात करा. गादीवरची चादर एका कोपऱ्यातून मोकळी करा. गादीच्या कडेला जी गोल पायपिंग असते, तिच्याखाली एक घडी असते. ती अंगठ्याने उलटी करत जा. खिशातलं एखादं जुनं कार्ड त्या घडीतून फिरवलं तर आत दडलेलं बाहेर येतं. बघायचं काय? जिवंत ढेकूण दिसला तर प्रश्नच मिटला, पण बहुधा दिसतात ते डाग. बॉलपेनने टिंबं काढावीत तसे काळे ठिपके, पुंजक्याने. ती त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या टिश्यूने पुसा: धूळ असेल तर निघून येते, हा डाग शाई फुटल्यासारखा पसरतो आणि तांबूस-तपकिरी होतो. त्याशिवाय फिकट पिवळी, पोकळ कात दिसते, पातळ पापुद्र्यासारखी, ढेकणाच्याच आकाराची. चादरीवर एखादा रक्ताचा ओघळ असतो, झोपेत कुशीखाली चिरडला गेलेल्याचा.

गादीनंतर डोक्याकडची फळी. आपल्याकडच्या हॉटेलांत ती बहुतेकदा भिंतीला ठोकलेली असते, वर रेक्झिन आणि बटणं. ती बटणं आणि त्यांच्या घड्या ही ढेकणांची आवडती वस्ती, आणि फळी काढून कुणी कधी साफ केलेली नसते. ती तुम्हीही काढू शकणार नाही, पण वरच्या आणि बाजूच्या फटीत उजेड टाकता येतो. मग बाजूच्या कपाटाचा खण ओढून त्याची खालची बाजू, पलंगाच्या प्लायवुडचे सांधे, सोफ्याची शिवण. पोरांसाठी जादा गादी मागवली असेल तर तिला विसरू नका. ती कोणत्या कोठीत, कशावर पडून होती हे देवाला ठाऊक. सगळी खोली धुंडाळायची गरज नाही. ढेकूण जेवणापासून लांब राहत नाही, पलंगापासून पाच-सहा फुटांत त्याचा बहुतेक संसार असतो.

काही नाही सापडलं? मग बॅग आणा, पण लोखंडी स्टँडवर ठेवा, भिंतीला न टेकवता, आणि चेन लावलेली. घातलेले कपडे जमिनीवर किंवा खुर्चीवर टाकू नका, पिशवीत भरून तोंड बांधा. हे नुसतं शिस्तीसाठी म्हणत नाही. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात संशोधकांनी खोलीत स्वच्छ कपड्यांच्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवून मध्ये ढेकूण सोडले. वापरलेल्या कपड्यांकडे जाण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. माणूस खोलीत नसला तरी त्याच्या घामाचा वास पुरतो. पर्यटनस्थळी आपण दिवसभर बाहेर फिरतो तेव्हा खोलीत माणसासारखा वास येणारी एकच गोष्ट उरते: कालचे मोजे.

हे सगळं केलं की झोपा. दर रात्री दोनला उठून बॅटरी मारू नका. आम्ही तारकर्लीत एक रात्र तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोटीत डुलक्या काढत होतो, डॉल्फिन कुणीच धड बघितले नाहीत.

सापडलाच तर

फोटो काढा. एक ढेकूण चिकटपट्टीवर चिकटवून ठेवता आला तर उत्तम. मग शांतपणे रिसेप्शनवर. 'तुमचं हॉटेल घाणेरडं आहे' अशी सुरुवात केलीत तर समोरचा माणूस हॉटेलची बाजू घेईल. 'हे गादीत सापडलं, खोली बदलून द्या' एवढं पुरतं. मात्र शेजारची खोली घेऊ नका, वरची-खालचीही नको. ढेकूण भिंतीतल्या वायरच्या पाइपांतून आणि फळीमागून पलीकडे जातो. लांबची, शक्यतो वेगळ्याच मजल्यावरची खोली मागा आणि तिथेही तीच दहा मिनिटं पुन्हा. एका खोलीत ढेकूण म्हणजे अख्खं हॉटेल गेलं असं नाही.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. हॉटेलवाला म्हणेल, "मॅडम, अर्ध्या तासात फवारून देतो, तोवर नाश्ता करून या." नको म्हणा. २०१८ मध्ये इजिप्तच्या हुर्घाडा शहरात सुट्टीवर गेलेल्या एका ब्रिटिश जोडप्याचा मृत्यू झाला. त्यांच्या शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी फवारणी झाली होती आणि मधल्या दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. औषध पातळ करायला वापरलेलं डायक्लोरोमिथेन हे रसायन शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि मृत्यू त्यानेच झाले, असा निष्कर्ष २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या चौकशीत निघाला. आपल्याकडे त्याहून धोकादायक प्रकार चालतो: धान्याच्या कोठारात वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी खोलीत ठेवणं. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसालाही मारू शकतो. खोलीत किंवा शेजारी औषधाचा उग्र वास, लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा दर्प, दाराला टेप लावलेली, असं काही दिसलं तर ढेकूण शोधत बसू नका, मुलांना घेऊन आधी बाहेर पडा. ढेकणाने माणूस मरत नाही. ढेकणाच्या औषधाने मरतो.

घरी परतल्यावर

माझ्या मते सगळ्या काळजीतली निम्मी काळजी या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावी. बॅग बेडरूममध्ये न्यायची नाही. बाल्कनी, गच्ची, नाहीतर बाथरूम. कपडे पिशवीसकट थेट मशीनपाशी.

ढेकणाला आणि त्याच्या अंड्याला खात्रीने मारते ती उष्णता. ६० अंशांच्या पाण्यात धुतलेले कपडे निर्धोक. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये तशी सोय असते. वरून उघडणाऱ्या साध्या मशीनमध्ये पाणी तापत नाही, तिथे थंड पाण्याने ढेकूण नुसता आंघोळ करून निघतो. मग सुती कपड्यांना बादलीत कडक पाणी, आणि बाकीच्यांना वाफेची इस्त्री, शिवणींवरून सावकाश. ड्रायर असेल तर सगळ्यात उत्तम: सुके कपडे अर्धा तास कडक तापमानावर. धुता न येणारी छोटी वस्तू, उदाहरणार्थ लेकीचं कापडी अस्वल, पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस. आमचं अस्वल वाटाण्याच्या पाकिटांशेजारी राहिलं आणि रोज सकाळी त्याची चौकशी होत होती.

उन्हाचं काय? आपला सगळ्यात जुना विश्वास तोच. बाज उन्हात टाकली की ढेकूण बाहेर पडायचे हे खरं, पण ते ऊन चुकवायला बाहेर पडायचे, सगळे मरायचे नाहीत. बॅगेच्या आतल्या अस्तरापर्यंत ५० अंशांच्या आसपास ऊब बराच वेळ पोचली तरच उपयोग. बॅग गच्चीवर नुसती उघडून ठेवली तर ढेकूण सावलीच्या बाजूच्या चेनमध्ये सरकतो. ऊन द्या, पण आधी बॅग व्हॅक्युमने ओढून घ्या, चेनच्या पट्ट्या, चाकं आणि आतल्या खिशांचे कोपरे वाफेच्या इस्त्रीने किंवा ओल्या गरम फडक्याने पुसा. व्हॅक्युमची पिशवी मग घराबाहेरच्या कचऱ्यात.

डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, कापूर, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं: यांच्यावर पैसे घालू नका. धूर सोडणारे डबेही तसेच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात बाजारातले असे डबे तपासले, तर फटीत दडलेल्या ढेकणांना त्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. घरात खरंच वस्ती झाली असं दिसलं तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, आणि 'एका फवारणीत खात्री' म्हणणाऱ्याला नको. अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी लागतेच.

आणि मग थांबायचं. ढेकूण आलाय की नाही हे लगेच कळत नाही. चुकून आलेली एखादी मादी पहिल्या आठवड्यात दिसणारही नाही. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, गाद्यांच्या डोक्याकडच्या शिवणी बघायच्या. तेवढ्यात काही दिसलं नाही तर काही आलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

तारकर्लीत डासच होते हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही सासूबाईंनी बॅगा आठवडाभर बाल्कनीत ठेवल्या आणि कालनिर्णयवर ८ डिसेंबरच्या चौकटीत निळ्या पेनाने 'गाद्या' असं लिहून ठेवलं. दर रविवारी सकाळी चहानंतर त्या आणि धाकटी बॅटरी घेऊन फिरायच्या. दुसऱ्या रविवारपासून बॅटरी धाकटीच्या हातात होती. ८ तारीख आली आणि गेली. त्या दिवशी नेमका गॅस संपला, आणि आता त्याच चौकटीत 'गाद्या'च्या खाली 'सिलिंडर लावला' असं लिहिलेलं आहे.